जुनी जीप घेतली. आता आधी कशाला हात लावायचा?

जुनी जीप दारात उभी राहिली की पहिल्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक माणूस तिला काहीतरी लावायला सांगतो. कुणी म्हणतो मोठे टायर टाका, कुणी टपावर लाइट, कुणी पॉवर स्टीअरिंग. माझी महिंद्रा एमएम ५४० जीप मराठवाड्यातल्या अंबडला आली तेव्हा मीही आधी टायरच घेतले. ३१ इंची, जाड गोट्यांचे, म्हणजे ठळक उठावाच्या नक्षीचे. गाडी दिसायला लागली झकास! पुढच्या महिनाभरात स्टीअरिंग जड झाले, पूर्ण वळवले की टायर पाट्याला (स्प्रिंगला) घासू लागला, चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढेना, आणि मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना ब्रेकवर उभे राहायची वेळ आली. आमचे मिस्त्री चाचा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “भाऊ, तुम्ही टायर नाही घेतले, आख्खी गाडी बदलायला काढली.”

या गाड्यांचे असेच असते. एक वस्तू मोठी केली की तिचे बिल शेजारच्या वस्तूवर फाटते. त्यामुळे “काय लावू?” याच्या आधी “कोणत्या क्रमाने?” हा प्रश्न सोडवावा लागतो. खाली जो क्रम दिला आहे तो महिंद्राच्या जुन्या जीपसाठी आहे. मारुती जिप्सीवाल्यांनाही बहुतेक लागू पडेल.

आरसी हातात घेऊन गाडीखाली जा

पाना उचलायच्या आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारी भानगड म्हणजे मूळची पेट्रोल जीप, कुणीतरी कधीतरी डिझेल इंजिन बसवलेले, आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात अजून ‘पेट्रोल’च. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीचे कागद तर दोनदा बघा. अशा काही गाड्यांची वायरिंग २४ व्होल्टची असते, हे पुढे लाइट-हॉर्न घेताना कामाला येईल.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, आणि पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेटही बसवावी लागते. मग ती एमएच २० ची असो, २१ ची असो की २३ ची.

बदलांचा कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाने फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. पुढचा लोखंडी बुलबार केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद केला. गावात कुणी अडवत नाही हे खरे आहे, पण अपघात झाला की विमावाला पहिला फोटो त्या बुलबारचाच काढतो. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. मात्र त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमच्या हाती खरोखरच तशी उंच बॉनेटची सीजे-३बी लागली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तिला काहीही लावू नका.

आधी ती होती तशी करा

अर्धीअधिक ‘अपग्रेड’ची इच्छा इथेच मरते. ब्रेक लागत नाही म्हणून डिस्क बसवायला निघालेल्या माणसाचे व्हील सिलिंडर जाम असतात. स्टीअरिंग जड म्हणून पॉवर स्टीअरिंग शोधणाऱ्याच्या किंग पिनला (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळ्याला) वर्षानुवर्षे ग्रीस गेलेले नसते. म्हणून खरेदीच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम नुसत्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. शोभेच्या वस्तूंचे पैसे त्यात धरू नका.

पहिल्या दिवशी सगळी तेले बदला: इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा), पुढचे-मागचे डिफरन्शिअल (वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर). जुने तेल स्वच्छ पत्र्याच्या डब्यात सोडा आणि उन्हात नीट बघा. पितळेची चमक दिसली तर गिअर बॉक्स बोलतोय. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे. गिअर बॉक्सला जीएल-४ दर्जाचे तेल वापरा. आतल्या पितळी रिंगांना ते मानवते.

मग चेसिस. आपल्या कोरड्या हवेत गंज कमी, पण गाडी कोकणातून आली असेल तर हातोडीने ठोकत पुढून मागे जा. आवाज बद्द आला की थांबा. मराठवाड्यातल्या गाडीचा गंज वेगळ्या ठिकाणी असतो, मागच्या हौदात. वर्षानुवर्षे युरियाची पोती वाहिलेली असतात आणि खताने पत्रा खाल्लेला असतो. नवे मॅट उचलून बघायला लाजू नका.

आता एक तपासणी, जी कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला हवी. मागचा एक्सल जॅकवर घ्या, दोन्ही चाके अधांतरी. गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड. दोन्ही मागची चाके दोघांनी मिळून बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी भरले तर क्राऊन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) ४.८८ चे, साडेपाचाला थोडे कमी भरले तर ५.३८ चे, सव्वाचार भरले तर ४.२७ चे. मग पुढच्या एक्सललाही तसेच करा. दोन्हीकडचा आकडा एकच आला पाहिजे! जुन्या जीपचा एक्सल कुणीतरी भंगारातून बदललेला असतो, पुढे ४.८८ आणि मागे ५.३८, आणि मालकाला वाटते फोर बाय फोर टाकले की गाडी अडखळतेच. अशी गाडी एक दिवस ट्रान्स्फर केस फोडते.

सुट्या भागांची काळजी मात्र करू नका. काळी-पिवळी म्हणून आपल्या तालुक्या-तालुक्यांत धावलेल्या कमांडर-मार्शल याच घराण्यातल्या. ब्रेक शू, क्रॉस, बेअरिंग, क्लच प्लेट अजून मिळतात. महिंद्राचे एमडीआय डिझेल इंजिन तर इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाचा नातलग, त्यामुळे ट्रॅक्टरचा मिस्त्रीही ते डोळे झाकून उघडतो. प्यूजोच्या २११२ सीसी एक्सडीपी इंजिनाला मात्र ते इंजिन ओळखणारा माणूस शोधा, आणि सापडला की त्याला जपा.

एक हंगाम वही ठेवा

दुरुस्ती झाली की लगेच खरेदीला जाऊ नका. एक मे महिना आणि एक पावसाळा गाडी आहे तशी चालवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवा आणि गाडीने जिथे-जिथे अडवले ते लिहा: तारीख, रस्ता, काय झाले. माझ्या वहीत पहिल्या वर्षी बारा नोंदी झाल्या. त्यांतल्या पाच गरम होण्याच्या, तीन लाइटच्या, दोन ब्रेकच्या, एक चिखलात रुतल्याची आणि एक उंदराने वायर कुरतडल्याची. म्हणजे ज्या चिखलासाठी मी टायर, विंच (रुतलेली गाडी ओढायचा मोटारीचा रहाट), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) अशी यादी केली होती त्याची नोंद एक, आणि ज्या रेडिएटरकडे ढुंकूनही पाहिले नव्हते त्याच्या पाच.

तुमच्या वहीत वेगळे निघेल. शेतावर रोज पाणंदीने जाणारा, सुट्टीत म्हैसमाळला जाणारा आणि परंड्याचा, औशाचा, नळदुर्गचा किल्ला बघत भटकणारा, या तिघांची जीप एकच असली तरी गरज एक नाही. तिसऱ्याला खुर्ची आणि वायरिंग लागते, पहिल्याला टायर आणि दोरखंड.

टायरचे गणित

तरीही शेवटी सगळे टायरपाशीच येते, म्हणून आकडे मांडतो.

जीपचा मूळ टायर ६.००-१६ चा. त्याचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच. ३१ इंची टायर त्याहून सुमारे ९ टक्के मोठा. म्हणजे एका फेऱ्यात गाडी ९ टक्के जास्त अंतर जाते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ६५ चा वेग असतो. आणि ४.८८ चे क्राऊन-पिनियन जणू ४.४८ चे होऊन बसते. सपाट हायवेला हे बरेच वाटते, पण औट्रम घाटात गाडी एक गिअर खाली मागते, आणि जुन्या डिझेलला तो खालचा गिअर म्हणजे अधिक उष्णता. इथेच टायरचे बिल रेडिएटरवर फाटते.

२३५/७५ आर १५ चा व्यास येतो ७३३ मिलिमीटर, म्हणजे २९ इंचाला थोडा कमी. मूळ मापाच्या अगदी जवळ, रुंदी मात्र जास्त. माझ्या मते पाटे न उचलता बसणारी ही शेवटची सुखाची पायरी. १५ इंची रिम लागतील. बोल्टचे वर्तुळ साडेपाच इंची, पाच बोल्टचे, जिप्सीचेही तेच. रिम घेताना ऑफसेट, म्हणजे चाक किती बाहेर येते ते, बघा. चाक जितके बाहेर, तितका हबच्या बेअरिंगवर आणि किंग पिनवर ताण.

आता गोट्यांचे टायर घ्यायचे का? मुरमाड, दगडी रानात त्यांना तोड नाही. पण आपली काळी माती वेगळी. पाऊस पडून गेल्यावर ती टायरच्या खाचांत लगद्यासारखी भरते, चार फेऱ्यांत गोट्या दिसेनाशा होतात आणि तुमचा महागडा टायर गुळगुळीत ढेपेसारखा फिरू लागतो. मोठ्या, विरळ खाचा थोड्याफार झटकल्या जातात, जवळजवळच्या नाहीत. पण खरे उत्तर टायरच्या दुकानात मिळत नाही. वाफसा आल्याशिवाय कुणी शेतात औत घालत नाही, मग जीप का घालायची? दोन दिवस थांबलात तर साधा टायरही त्याच वाटेने निघतो. रोजच्यासाठी मिश्र नक्षीचे, म्हणजे ऑल-टेरेन टायर, आणि गाडीत १२ व्होल्टचा हवेचा पंप. मऊ जमिनीत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती परत भरायची. पंप विसरलात तर हवा उतरवू नका.

थांबणे आणि वळणे

मोठे टायर घ्यायचेच ठरले असेल, तर त्याआधी हे करा.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकाच वाटेने ब्रेकचे तेल जात असेल, तर एक पाइप फुटला की पायाखाली काहीच राहत नाही. दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवला की पुढचे-मागचे वेगळे होतात. मला विचाराल तर या गाडीवर करण्यासारखी सुधारणा एकच असती, तर मी हीच केली असती. फोटोत ती दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही.

पुढे डिस्क लावायच्या असतील तर मास्टर सिलिंडर त्यांच्या मापाचा लागतो, ड्रमवाला चालत नाही. रिम कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) घासत नाही ना ते आधी हाताने फिरवून बघा. सर्व्हो, म्हणजे ब्रेक दाबायला जोर देणारा डबा, बसवताना एक गोष्ट लोक विसरतात. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आयता मिळतो, डिझेलमध्ये मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. पंपाचा पाइप निघाला तर ब्रेक दगडासारखा होतो, हे घरातल्या सगळ्या ड्रायव्हरना सांगून ठेवा.

स्टीअरिंगचे पहिले लक्षण म्हणजे खड्ड्यातून पुढचे चाक गेल्यावर आख्खी गाडी थरथरा कापणे. बाजारात यावर एक डॅम्पर विकतात. तो रोग झाकतो. आधी किंग पिनचे बेअरिंग, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश आणि शॅकल बघा, मग चाकांचे बॅलन्सिंग. एवढे करून गाडी हलकी झाली आणि टायर मूळ मापाचे असतील, तर पॉवर स्टीअरिंगचे पैसे वाचले. ते बसवायचेच असेल तर बॉक्स जिथे चेसिसला लागतो तिथे आतून जाड पट्टी घाला. जुना पत्रा तिथेच चिरतो.

मे महिना

आमच्या भागात पारा ४२-४३ ला सहज जातो, आणि जीप दहा किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रानातून चालते. हवा लागत नाही, पंखाच काय तो ओढेल. तरी आधी रेडिएटर खोलून नळ्या साफ करून घ्या. आपल्या बोअरचे पाणी क्षाराचे. तेच वर्षानुवर्षे ओतलेले असते आणि चहाच्या भांड्याला धरते तसा थर नळ्यांत धरलेला असतो. साफ झाल्यावर कूलंट आणि बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर, दुसरे काही नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो ऐकू नका. इंजिन थंड राहिले तरी झिजते. पंख्याभोवतीचे कडे तुटले असेल तर नवे करून घ्या. ते नसेल तर पंखा तीच गरम हवा पुन्हा फिरवतो. रेडिएटरची टोपी नवी घ्या. हे सगळे करून काटा चढलाच, तर जास्त नळ्यांचा रेडिएटर. माझ्या पाचपैकी चार नोंदी टोपी, बेल्ट आणि साफसफाईतच मिटल्या.

एअर फिल्टर तेलाच्या वाटीचा असेल तर मे महिन्यात आठवड्याला उघडा. धुळीने वाटीत गाळ बसतो.

लाइट

मीटर घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास आणि हेडलाइटच्या बल्बपाशी ११ मिळत असतील, तर दोष बल्बचा नाही. मधला जुना स्विच आणि पातळ वायरी वीज खातात. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकला की साधा ६०/५५ वॅटचा बल्बसुद्धा नवा वाटतो. टपावरची एलईडीची पट्टी सार्वजनिक रस्त्यावर बेकायदा आहे, आणि शेतात तिचा उपयोग मुख्यतः किडे गोळा करायला होतो. वायरी जाळीदार नळीतून न्या. उंदरांवर उपाय सापडला तर मलाही कळवा.

रुतल्यावर

पुढे-मागे चेसिसला बोल्टने आवळलेले दोन-दोन हुक, चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडे. बंपरला दोर बांधू नका. तो निघून काचेवर येतो. विंच घ्यायचे म्हटले तर गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीचे लागते, त्याला मोठी बॅटरी आणि अल्टरनेटर लागतो, आणि पुढच्या पाट्यांवर कायमचे वजन येते. शिवाय ते बांधणार कशाला? कापसाच्या रानात मैलभर बाभूळसुद्धा नसते. मराठवाड्यात विंच प्रत्येक गावात आहे आणि त्याला ट्रॅक्टर म्हणतात. चहा-पाण्यावर काम होते.

फोर बाय फोर डांबरावर टाकू नका. वळणात पुढची-मागची चाके वेगळे अंतर कापतात, या गाडीत मधे डिफरन्शिअल नाही, ताण गिअरांवर येतो. ट्रान्स्फर केसच्या लो गिअरमध्ये गाडी सुमारे अडीच पट हळू आणि तितकीच जोरकस होते. चिखलात शिरायच्या आधी टाका, रुतल्यावर नाही.

ओढ्यात उतरायची सवय असेल तर स्नॉर्केलच्या आधी एक स्वस्त काम करा. एक्सलच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. मघाचे ताकासारखे तेल तिथूनच येते. पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र नळी असो वा नसो, गाडी अलीकडेच उभी करा. आणि गौताळ्यासारख्या अभयारण्यात वाट सोडून गाडी घालायची नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बसणाऱ्यांचे विसरू नका. पुढच्या दोघांना तीन बिंदूंचे पट्टे हवेतच. रोल बार केला तर त्याचे पाय चेसिसपर्यंत गेले पाहिजेत. नुसत्या पत्र्याला वेल्ड केलेला बार गाडी उलटल्यावर पत्रा फाडून आत येतो.

इंजिन बदलायचे का?

बहुतेकांनी नाही. नवे कॉमन रेल (आजच्या डिझेल गाड्यांतले) इंजिन आले की गिअर बॉक्स, माउंटिंग, रेडिएटर, वायरिंग, ब्रेक, सगळे त्याच्या मागे येते, आणि आरटीओची परवानगी नसेल तर पुढच्या पासिंगला गाडी अडते. सायलेन्सरचा धूर आधी वाचा. निळा म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे नोझल-पंप किंवा फिल्टर. चालू इंजिनाची ऑइलची टोपी काढल्यावर फसफसून वाफ येत असेल तर लाइनर-पिस्टनचे काम. ते वाळूजच्या किंवा जालन्याच्या एमआयडीसीत लेथ असलेल्या माणसाकडून करून घेतलेत, तर इंजिन पुढची कितीतरी वर्षे हलणार नाही. ताशी ७० ला समाधानी नसाल तर चूक इंजिनाची नाही, तुम्ही चुकीची गाडी घेतली आहे.

माझ्या जीपला आता २३५ चे टायर आहेत. ३१ इंची चार गेवराईच्या एका पोराने नेले, त्याने आदल्याच आठवड्यात जीप घेतली होती. त्याला मी पट्टा, पंप आणि वहीसुद्धा दाखवली. तो वहीकडे बघून हसला आणि टायर गाडीत टाकायला लागला.